भागीदारीच्या कागदात 'लवाद' लिहिलंय, म्हणजे कोर्टात जाताच येणार नाही का? (नाशिक)

मेनरोडची_लेक:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, प्लीज शेवटपर्यंत वाचा.

माझे बाबा आणि त्यांचे मित्र (आम्ही लहानपणापासून काकाच म्हणतो) यांचं भांडी बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. तीस वर्षांची भागीदारी, निम्मी-निम्मी. बाबा मागच्या दिवाळीनंतर गेले. सुरुवातीला काका दर महिन्याला घरी येऊन आईच्या हातात काहीतरी रक्कम देऊन जायचे, मग ते येणं बंद झालं, हिशोब विचारला की बघू, वर्षअखेर होऊ दे, असं चाललं. आता दुकान त्यांचा मुलगा बघतो. सिंहस्थ तोंडावर आलाय, तांब्याचे गडू, कलश, पळी-पंचपात्र असा माल पोत्यांनी भरला जातोय, म्हणजे धंदा जोरात आहे पण आमच्या घरात ना पैसा येतोय ना कागद.

आणि ११ दिवसांपूर्वी वकिलाची नोटीस आली. त्यात म्हटलंय की तुमचा हिस्सा ३ लाख ४० हजार निघतो, मान्य नसेल तर भागीदारीच्या कागदातल्या कलमाप्रमाणे लवाद नेमू, आणि लवाद म्हणून नाव दिलंय दुकानाच्याच सीएचं. सोबत एक संमतीपत्र, 'सदर लवादाच्या नेमणुकीस आमची हरकत नाही', खाली आईच्या आणि माझ्या सहीसाठी फुल्या मारलेल्या. बाबांच्या अक्षरातली शेवटची स्टॉकची यादी माझ्याकडे आहे, वजनासकट, त्यावरून आमचा वाटा निदान २० लाखांच्या घरात जातो.

कागदातलं कलम असं आहे: 'भागीदारांत अगर त्यांचे वारसांत काही वाद उपस्थित झालेस तो उभयतांचे संमतीने नेमलेल्या एका लवादाकडे सोपवावा व त्याचा निवाडा उभयतांवर बंधनकारक राहील.'

लवाद म्हणजे नक्की काय, पंचासारखं का? त्याचं ऐकावंच लागतं का? आम्ही सीबीएसजवळच्या जिल्हा कोर्टात दावा लावला तर चालेल का? आई म्हणते सही करून टाक, काका आपल्याला फसवणार नाहीत. मला झोप नाहीये.

-----

पंचवटीकर:

ताई घाबरू नका. लवाद म्हणजे पंचच, चार लोकांत बसून समजूत काढतात, पटलं तर मानायचं नाहीतर कोर्ट आहेच की. नोटीस बाजूला ठेवून द्या, उत्तरच देऊ नका, आपोआप थंड होतात.

-----

वकील_नाशिकरोड:

पंचवटीकर, तुमचा हेतू चांगला आहे पण हा सल्ला ताईंनी ऐकला तर पुरतं नुकसान होईल, म्हणून सविस्तर लिहिते.

समजूत काढतो तो मध्यस्थ. तो दोघांना बोलतं करतो, पण निर्णय देऊ शकत नाही, उठून जायचं तर कुणीही जाऊ शकतं. लवाद वेगळा. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून स्वतःसाठी नेमलेला खाजगी न्यायाधीश. तो दोघांची कैफियत घेतो, कागद बघतो, साक्षी घेतो आणि कारणं लिहून निवाडा देतो. आपल्याकडे यासाठी १९९६ चा लवाद कायदा आहे, त्याच्या कलम ३६ प्रमाणे निवाड्याची अंमलबजावणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच होते, म्हणजे जप्तीसुद्धा. आणि तुम्ही आलाच नाहीत तर कलम २५ प्रमाणे लवाद तुमच्याशिवाय काम पुढे चालवून निवाडा देऊ शकतो. नोटीस बाजूला ठेवणं म्हणजे समोरच्याला मोकळं रान देणं आहे.

ताई, आता तुमचं. वडील गेले म्हणून ते कलम संपत नाही, कलम ४० स्पष्ट सांगतं की लवादाचा करार माणसाच्या मृत्यूने संपत नाही, वारसांच्या बाजूनेही लागतो आणि विरुद्धही. तुमच्या कागदात तर 'वारसांत' असा शब्दच आहे. म्हणून तुम्ही दावा लावलात तर काकांचे वकील पहिल्या कैफियतीच्या आत किंवा तिच्यासोबत कलम ८ चा अर्ज देतील, आणि करार वरवर पाहता वैध दिसला की कोर्टाला तुम्हाला लवादाकडे पाठवावंच लागतं. तुमचे सहा महिने आणि कोर्ट फी, दोन्ही जातील.

पण लवादाकडे जावं लागणं वेगळं आणि त्यांनी सांगितलेल्या लवादाकडे जावं लागणं वेगळं!! हा फरक घट्ट धरून ठेवा, तुमच्या केसचा सगळा जीव त्यात आहे. दुकानाचा सीए लवाद होऊच शकत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने कलम १२(५) आणि सातवं परिशिष्ट आलं, त्यात पहिल्याच नोंदीत पक्षकाराचा नोकर, सल्लागार किंवा ज्याचा त्याच्याशी आधीचा वा आत्ताचा धंद्याचा संबंध आहे अशी व्यक्ती अपात्र ठरवलीय. ज्या माणसाने तो हिशोब तपासून सही केली तोच तो हिशोब खरा की खोटा ठरवणार कसा? फक्त एकच वाट उघडी आहे, वाद झाल्यानंतर दोन्ही बाजूंनी लेखी आणि स्पष्ट कबुली दिली तर ही अपात्रता माफ होते. तुमच्याकडे आलेलं संमतीपत्र म्हणजे नेमकी तीच कबुली. त्यावर सही करू नका. आईंनाही करू देऊ नका. काकांवर विश्वास असेल तरी नका करू, विश्वासाचा इथे प्रश्नच नाही.

नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत लवादाच्या नावावर एकमत झालं नाही तर कलम ११ प्रमाणे मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करता येतो आणि तिथून लवाद नेमला जातो. तुमचे १९ दिवस उरलेत. तेवढ्यात लेखी उत्तर द्या: लवादाला आमची ना नाही, सीएच्या नावाला हरकत आहे, आमच्याकडून ही दोन-तीन नावं. निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतात, किंवा दुसऱ्या गावचा, दोघांशीही संबंध नसलेला सीए.

-----

अंबड_वर्कशॉप:

वकील ताईंनी कायदा सांगितला, मी भोगलेलं सांगतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. एका ठेकेदाराचं शेडचं काम केलं, त्याच्याशी बिलावरून वाजलं, तो म्हणे लोखंड कमी वापरलं, मी म्हणे जेवढं आणलं तेवढं लावलं. वर्क ऑर्डरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात लवादाचं कलम होतं आणि लवाद ठेकेदारच नेमणार असं लिहिलं होतं. मी वाचलंच नव्हतं. पहिल्या लवादावर हरकत घेतली, कारण ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमायचा नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१९ लाच ठरवलंय (पर्किन्स ईस्टमन केस), मग दोघांच्या संमतीने एक निवृत्त जज साहेब आले.

पहिली बैठक मला अजून आठवते. गंगापूर रोडला एका वकिलांच्या ऑफिसात, लांब टेबल, मी पांढरा शर्ट घालून गेलो होतो कोर्ट समजून. साहेबांनी आधी स्वतःबद्दल लिहून दिलं की दोघांपैकी कुणाशी माझा संबंध नाही, मग फी ठरली, बैठका कुठे, मराठीत की इंग्रजीत तेही विचारलं. मराठीत चाललं आमचं. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती कारण मला जे बोलायचं होतं ते मी स्वतः बोलू शकलो.

आणि तिसऱ्या बैठकीला त्यांनी वजनकाट्याच्या पावत्या मागवल्या. माझ्याकडे एका पिशवीत होत्या, घामाने चिकटलेल्या, काहींची शाई उडालेली. साहेबांनी एकेक सोडवून टेबलावर तारखेप्रमाणे मांडली, गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, आणि शेजारी ठेकेदाराचं गेट रजिस्टर ठेवलं. दीड तास नुसती ती मिळवणी चालली होती, कुणी आवाज चढवला नाही. चार गाड्या त्याच्या रजिस्टरला नव्हत्या, पण वजनकाट्याची पावती होती आणि त्याच दिवशीचं त्याच्या सुपरवायझरचं चलन होतं. बिलाचा वाद तिथेच संपल्यात जमा होता. कोर्टात तारखांवर तारखा पडल्या असत्या आणि त्या पावत्या कुणी हातात घेईपर्यंत पूर्ण कोऱ्या झाल्या असत्या.

तारखेपासून तारखेपर्यंत १४ महिने लागले मला. ताई, तुमच्याकडे बाबांची यादी आहे ना, आजच तिचे फोटो काढा, कलर झेरॉक्स करा, मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये. कागद हेच सगळं.

-----

मेनरोडची_लेक:

दोघांचे मनापासून आभार, आज पहिल्यांदा वाटलं की काहीतरी करता येईल. यादी लॉकरमध्ये ठेवते उद्याच.

दोन शंका. एक म्हणजे खर्च, आमच्याकडे आत्ता खरंच फार पैसे नाहीत. दुसरी, तोपर्यंत माल विकून मोकळे झाले तर? सिंहस्थात सगळं दुकान रिकामं होईल आणि मग लवाद काय मोजणार? आणि दुकान पागडीचं आहे, भाडेपावती दोघांच्या नावाने, त्याचं काय?

-----

दिंडोरीचा_शेतकरी:

मध्येच विचारतो माफ करा. आमच्याकडे हायवेत जमिनी जाणाऱ्यांना मोबदला पटला नाही तर लवादाकडे जा म्हणतात, तो सरकारीच अधिकारी असतो, आम्हाला कुणी नाव विचारत नाही. तो हाच लवाद का?

-----

वकील_नाशिकरोड:

दादा, शब्द तोच, मूळ वेगळं. तुमचा लवाद करारातून येत नाही, राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ च्या कलम ३जी(५) मधून येतो आणि त्याची नेमणूक केंद्र सरकार करतं, म्हणून नाव सुचवायचा प्रश्नच येत नाही. पण पुढची पद्धत बरीचशी १९९६ च्या कायद्याचीच लागते, निवाडा पटला नाही तर कलम ३४ खाली जिल्हा कोर्टात जाता येतं. मुदत ३ महिने, फार तर वर ३० दिवस, त्यानंतर एक दिवसही नाही. गावात सगळ्यांना सांगा, लोक मुदतीत मार खातात.

ताई, खर्चाचं. लवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात फीचा नमुना तक्ता आहे. दावा २० लाखांचा धरला तर ९७,५०० रुपये आणि एकच लवाद असेल तर त्यावर २५ टक्के, म्हणजे १,२१,८७५. ती दोघांत निम्मी, तुमच्या वाट्याला साधारण ६१ हजार, वर वकील आणि टायपिंग-झेरॉक्स. तक्ता नमुन्याचा आहे, लवाद याहून कमीही घेतात, पहिल्याच बैठकीत बोलून लेखी ठरवा. निवाड्यात लवाद खर्च हरणाऱ्यावर घालू शकतो. कमी नाहीये हे मलाही कळतं, छोट्या रकमेच्या वादात लवाद परवडत नाही हे आमच्या धंद्यातलं उघड दुखणं आहे. पण ३ लाख ४० हजार आणि २० लाख यातलं अंतर बघा.

माल विकला जाण्याची भीती खरी आहे आणि त्यावर उपाय आहे. कलम ९. लवाद बसायच्या आधीसुद्धा नाशिकच्या जिल्हा कोर्टात अर्ज करून स्टॉकची मोजणी करून घ्या, वह्या आणि संगणकातला हिशोब जसाच्या तसा ठेवा, विक्रीचा पैसा वेगळ्या खात्यात जमा करा असे हुकूम मागता येतात. हुकूम मिळाला की ९० दिवसांत लवादाचं काम सुरू व्हायला हवं, एवढी अट. दुकान बंद पाडायचा हुकूम मागू नका, चालू दुकानातच तुमचा फायदा आहे, कारण भागीदारी कायदा १९३२, कलम ३७. भागीदार गेल्यावर हिशोब न मिटवता त्याच्या हिश्शाच्या मालावर उरलेला भागीदार धंदा करत राहिला, तर कागदात उलट काही लिहिलेलं नसेल तर वारसांना निवड असते: त्या हिश्शापोटी झालेला नफा घ्या किंवा वर्षाला ६ टक्के व्याज. सिंहस्थाचा नफा सोडून ६ टक्के कोण घेईल सांगा. आणि भांडी बाजारात तीस वर्षं उभ्या असलेल्या नावाची जी किंमत आहे, गुडविल, तीही कलम ५५ प्रमाणे हिशोबात धरली जाते. त्यांच्या ३ लाख ४० हजारात ती आहे का विचारा. मला खात्री आहे नसणार.

पागडीचं मात्र बाजूला काढा. काका आणि तुमच्यामध्ये पागडीच्या हक्काची किंमत किती धरायची हा हिशोबाचा भाग झाला, पण घरमालकाशी काही वाद झाला तर तो भाडे नियंत्रण कायद्याच्या कोर्टातच चालतो, लवादापुढे नाही. तसंच फौजदारी, घटस्फोट, मृत्युपत्र खरं की खोटं, हेही लवाद ठरवू शकत नाही. ज्याचा परिणाम त्या दोघांपुरता राहतो तेवढंच लवादाचं.

-----

जुना_मुनीम:

मुली, मी सराफ बाजारात चाळीस वर्षं कीर्द-खतावणी लिहिली. आई म्हणते ते अगदीच चूक नाही, भागीदारीचे वाद बरेचदा पुढच्या पिढीतून येतात, म्हातारे एकमेकांना ओळखून असतात. पण सही करू नकोस हे वकीलबाईंचं बरोबर.

एक सांगावंसं वाटतं. आपण आज नोकरी सोडताना राजीनामा म्हणतो, पण पेशवाईत पंचायत बसायच्या आधी दोन्ही पक्षांकडून जो निवाडा होईल तो मान्य असं लिहून घेत, त्या कागदाला राजीनामा म्हणत, राजी असल्याचा कागद म्हणून. पुढे इंग्रजी कोर्टं आली, लोक खर्चाने मेटाकुटीला आले, तेव्हा १८७० च्या दशकात पुण्याच्या सार्वजनिक सभेने लवाद कोर्टं काढली, सार्वजनिक काकांनी (म्हणजे गणेश वासुदेव जोशी) त्यासाठी जिवाचं रान केलं. त्या सभेत वावरणारे न्यायमूर्ती रानडे तर आपल्या निफाडला जन्मलेले. सांगायचं इतकंच की हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही, आधी राजी व्हायचं आणि मग निवाडा ऐकायचा ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि राजी व्हायचं ते माणूस बघून. तू राजी कुणाला होतेस तिथेच सगळं ठरतं.

आणि फर्म रजिस्टर होती का ते बघ. नसली तरी बंद झालेल्या फर्मचा हिशोब मागायला भागीदारी कायद्याचं कलम ६९ आड येत नाही, पण विचारतील.

-----

पंचवटीकर:

ताई, माझ्या सल्ल्याबद्दल सॉरी. गावाकडं पंच बसतात तेच डोक्यात होतं. एक विचारतो वकील ताई, मग आता बोलणीच बंद करायची का? एकदा लवाद नेमला की तडजोड होत नाही का?

-----

वकील_नाशिकरोड:

होते की, आणि झाली तर सगळ्यात उत्तम. काम चालू असताना कधीही दोघांचं जमलं तर लवाद कायद्याच्या कलम ३० प्रमाणे लवाद तीच तडजोड निवाडा म्हणून लिहून देतो आणि तिला बाकी निवाड्याइतकंच वजन असतं, नंतर कुणी शब्द फिरवला तर थेट अंमलबजावणी. म्हणून ताई, उत्तर कडक पाठवा पण काकांशी बोलणं तोडू नका. फक्त फोनवर जे बोलणं होईल ते त्याच दिवशी मेसेजवर लिहून पाठवा, 'काका, आज आपलं असं ठरलं' इतकं साधं.

अजून एक राहिलं. भागीदार दोनच होते, म्हणजे बाबा गेले त्या दिवशी फर्म विसर्जित झाली, आणि हिशोब मागायची मुदत तिथून ३ वर्षं. बोलण्या-बोलण्यात ती निघून जाऊ देऊ नका. तुमच्या उत्तरातच तुमची मागणी लिहा, २० लाखांचा हिस्सा, नफा, गुडविल सगळं, आणि हा वाद लवादाकडे सोपवायची आमचीही मागणी आहे असं स्पष्ट लिहा, कारण अशी नोटीस समोरच्याला मिळते त्या दिवसापासून त्या मागणीपुरतं लवादाचं काम सुरू झालं असं कायदा धरतो.

-----

मेनरोडची_लेक:

मंडळी, आठ दिवसांनी लिहितेय.

वकिलांकडून उत्तर रजिस्टर पोस्टाने पाठवलं, पोच आली. लवादाला होकार, सीएच्या नावाला हरकत, तीन नावं दिली, तिन्ही बाहेरची. संमतीपत्र कोरंच परत केलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग मी तिला कलम १२(५) वगैरे न सांगता एवढंच विचारलं की बाबांनी कधी दुसऱ्याने केलेलं वजन न बघता माल घेतला होता का? ती काही बोलली नाही पण संध्याकाळी स्वतः बाबांची जुनी पेटी उघडून तीन वर्षांच्या खतावण्या काढून दिल्या. मला त्या आहेत हेही माहिती नव्हतं.

परवा काकांचा फोन आला. आवाज थकलेला होता. म्हणाले सीएचं नाव मुलाने घातलं, मी नोटीस नीट वाचलीसुद्धा नाही. तिघांपैकी निवृत्त जज साहेबांचं नाव त्यांना चालेल म्हणाले, वकिलाकडून लेखी कळवतो. मी लगेच मेसेज टाकला, त्यांनी 'होय' एवढंच उत्तर दिलं, पण दिलं. आणि लवाद बसायच्या आधी मंगळवारी दुकानातला माल दोघांसमोर मोजायचा, तांबं वेगळं, पितळ वेगळं, मोड वेगळी, यादीवर दोघांच्या सह्या. काकांचा मुलगा नाराज आहे म्हणे. हिशोब पटेल का नाही माहीत नाही, पण निदान मोजणी तरी होतेय.

-----

अंबड_वर्कशॉप:

लय भारी ताई. मोजणीचा व्हिडिओ काढा, दोन बाहेरचे साक्षीदार ठेवा, शेजारचे दुकानदार चालतील. आणि काटा पासिंगचा आहे ना ते आधी बघून घ्या, नाहीतर उद्या त्याच्यावरच वाद घालतील.

-----

मेनरोडची_लेक:

काल जाऊन बघितलं दादा. काट्यावर या वर्षीचा शिक्का आहे, सर्टिफिकेट गल्ल्याच्या मागे लावलंय, त्याचा पण फोटो काढला.